बारातलं पहिलं नाव

कोकिळा बोरसे दिसायला वाईट असती तर मी तिला माफ केलं असतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला शहाणपण शिकवायला येऊ नये. ती देखणी होती, हसायची छान, धुळ्याला देवपुरात स्वतःच्या स्कूटरवरून कॉलेजात शिकवायला जायची आणि माझ्या मैत्रिणीला 'पम्स' म्हणायची. प्रमिला आधार पाटील या बाईला जन्मल्यापासून सगळे पमी म्हणतात. पम्स म्हणजे काय, डोकेदुखीची गोळी?

पमी आणि मी जळगावात एका माडीवरच्या खोलीत राहायचो. ती बँकेत, मी जिल्हा परिषदेत. वय अठ्ठावीसच्या आसपास. तिने लग्न केलंच नव्हतं आणि मी केलेलं सोडून आले होते. जामनेरच्या त्या घरात मला कोणी मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. नवरा रोज रात्री जेवून उठताना "झालं बुवा एकदाचं" म्हणायचा, एवढंच. एक दिवस मला वाटलं की आता माझंच काहीतरी होईल एकदाचं, म्हणून पेटी उचलली. गावात लोक म्हणाले, द्रौपदाने नाक कापलं. पमी म्हणाली, "बरं झालं, खोलीचं भाडं अर्धं झालं."

त्या खोलीत आम्ही जे जगलो ते आमच्या घराण्यांत कुठल्या बाईने आधी जगलं नसेल. पगार झाला की पहिला शनिवार आमचा. ऑफिसातून थेट टॉकीज, तिथून हॉटेलात तर्रीवाली शेवभाजी, तिथून कुल्फी. एकीने मोरपंखी साडी घेतली की दुसरीने डाळिंबी घ्यायची आणि दोघींनी दोन्ही नेसायच्या. हिवाळ्यात बामणोदची वांगी आणून गच्चीवर काडीकचऱ्यात भाजायची, भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या खाऊन तिथेच आडवं व्हायचं. पमीच्या बँकेतला जीवराम शिपाई वर्तमानपत्रात गुंडाळून बिअर आणून द्यायचा. ती आम्ही स्टीलच्या पेल्यातून प्यायचो, म्हणजे कोणी आलंच तर ताक म्हणता येईल. घरमालकीण शेवंताबाई एकदा वास घेत वर आली. "हे कसलं सरबत वो?" पमी म्हणाली, "पोटाचं औषध आहे, मावशी." म्हातारी पेल्यात डोकावली आणि म्हणाली, "मले बी पोटाचा तरास हाये." त्यानंतर दर शनिवारी तिला अर्धा पेला द्यावा लागायचा. रमीत ती आम्हा दोघींना हरवायची, ते वेगळंच.

लोकांना आमची काळजी वाटायची. म्हातारपणी कोण बघेल, दुखलंखुपलं तर कोण येईल. आम्हाला कसलीच काळजी नव्हती. रविवारी दहा वाजता पमी माझ्या पाठीत लाथ घालायची, "ऊठ वं म्हैस, सूर्य डोकावर उना," आणि मी पांघरुणातून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मग जिलबी आणायला कोणी जायचं यावर अर्धा तास भांडण. प्रेमाचं बोलणं आम्हाला कधी जमलंच नाही. आम्हाला शिव्या जमायच्या. त्याचं कारण आमच्या गावात आहे.

आमचं पिंपळखेडं बोरी नदीने दोन केलंय. अलीकडे बुद्रुक, ते माझं. पलीकडे खुर्द, ते पमीचं. अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या आणि आमरस खातात. पुरुष दिवसभर पत्ते कुटतात. आणि उन्हं कलली की दोन्ही गावांच्या बाया गौराई घेऊन नदीत उतरतात. नदीत तेव्हा पाणी कुठलं, एखादा डोह आणि बाकी वाळू. गौराई डोहात सोडली की बुद्रुकच्या बाया वाळूच्या एका बाजूला, खुर्दच्या दुसऱ्या बाजूला, आणि मग सुरू होतो बार. बार म्हणजे शिव्या. नाव घेऊन, हात नाचवून, डबे बडवून, पोट भरून शिव्या. वर्षभर सासूपुढे मान खाली घालणारी बाई त्या दिवशी असं बोलते की तिच्या नवऱ्याने ऐकलं तर शहारे यावेत. पण नवरे तिथे नसतात.

बाराला दोन नियम. एक, शिवी खोटी हवी. जिला मूल नाही तिला त्यावरून बोलायचं नाही, जिचा नवरा पितो त्याचं नाव काढायचं नाही. खरं बोललं की तो बार नव्हे, ते भांडण. दुसरा नियम कोणी सांगत नाही, तो आपोआप कळतो. जी आपली वाटते तिचंच नाव घ्यायचं. परक्या बाईला कोण कशाला शिवी देईल? म्हणून आमच्याकडे म्हाताऱ्या बाया अभिमानाने सांगतात, "मनं नाव बारमा पहिलं निंघे." माझं नाव खुर्दकडून पहिलं निघायचं, वर्षानुवर्षं, कारण ते पमी घ्यायची.

आम्ही परकरात होतो तेव्हाची गोष्ट. ती पलीकडून ओरडली, "ए द्रौपदे, तुना नाकमा बैलगाडी उलटी जाई!" मी तिला शाळेत नुसती तोंडओळखीने ओळखत होते. मला इतका आनंद झाला की विचारू नका. मी परत ओरडले, "ए पमे, तुना दात मोजाले तलाठी उना व्हता, साखळी कमी पडनी!" नदीभर हशा झाला. दुसऱ्या दिवशी शाळेत ती माझ्या शेजारी येऊन बसली, ती तिथेच राहिली. माझ्या लग्नाच्या दोन वर्षांतही आखाजीला मी जामनेरहून यायची ती आईसाठी नव्हे. पमीकडून शिव्या खायला यायची.

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये पमीची बदली धुळ्याला झाली. बढतीवर. ती म्हणाली, वर्षभर काढते तिथे, मग परत जळगावसाठी अर्ज टाकते, मॅनेजरने शब्द दिलाय. मी तिची कॉट तशीच ठेवली. शेवंताबाईने दुसरी बाई बघू का विचारलं तर तिच्यावर खेकसले. वर्ष म्हणजे काय, बघता बघता जातं, असं मी सगळ्यांना सांगत होते. मला फक्त तेवढंच हवं होतं, पमी जूनमध्ये परत यावी. बढती, पगार, नवरा, काही नको होतं.

पहिल्यांदा धुळ्याला गेले तेव्हाच मी काय ते ओळखलं. देवपुरातल्या त्या घरात पमी भाड्याने राहायची आणि कोकिळा तिची सोबतीण. घर कोकिळाच्या काकांचं, ते बडोद्याला. खाली बाग, आत सोफा, टेपरेकॉर्डर. बिअर काचेच्या उंच ग्लासांतून, बर्फ घालून. पमीने केस कापले होते. खांद्यापर्यंत. आम्ही दोघींनी एकमेकींच्या वेण्या घातल्या त्या केसांना तिने मला न विचारता कात्री लावली होती.

"छान दिसतात ना?" कोकिळा म्हणाली. "मीच म्हटलं पम्सला, कर हिंमत."

"छान आहेत," मी म्हटलं. झाडूसारखे दिसत होते. खरं म्हणजे नव्हते दिसत. खरं म्हणजे ती फार सुंदर दिसत होती आणि म्हणूनच मला ते सहन होईना.

मग कळलं की त्या दोघी आदल्या आठवड्यात अनेर धरणावर जाऊन आल्या. त्याच्या आधी नाशिकला, नुसतं हॉटेलात राहायला. काम नाही, नातेवाईक नाहीत, देवदर्शनसुद्धा नाही! चादरी पांढऱ्या होत्या आणि खोलीत फोन करून चहा मागवला, असं पमी सांगत होती. सांगता सांगता मध्येच थांबून कोकिळाकडे बघायची आणि दोघी फिदीफिदी हसायच्या. मी विचारलं, काय झालं? "अगं, ते तिथे असतीस तर कळलं असतं," कोकिळा म्हणाली. अगदी गोडपणाने म्हणाली. कानामागून आली आणि तिखट झाली ही म्हण ज्याने काढली त्याला अशीच कोणीतरी भेटली असणार.

पुढच्या खेपेला गेले तर जेवताना मला पहिलं वाढलं. पापड मोडू नये म्हणून वेगळ्या बशीत. पमीने मला विचारलं, "भाजी तिखट नाही ना झाली?" मला! माझ्याबरोबर एका ताटात हिरव्या मिरच्यांचा ठेचा खाऊन नाक पुसणारी बाई मला तिखटाचं विचारत होती. आणि विचारत होती ते शुद्ध मराठीत. आम्ही दोघी एकमेकींशी कायम अहिराणीत बोलायचो. ऑफिसात, बसमध्ये, शेवंताबाईपुढेसुद्धा. मला वाटलं, कोकिळाला कळावं म्हणून असेल. पण ती धुळ्याची, तिला काय कळत नव्हतं?

त्यानंतर मी जवळजवळ दर शनिवारी धुळ्याला जायला लागले. खोटं कशाला सांगू, पहारा द्यायला जात होते. एरंडोल, पारोळा करत धक्के खात जायचं, संध्याकाळी पोचायचं, आणि मग त्या सोफ्यावर बसून बघत राहायचं की आज काय नवीन. आज कोकिळाची साडी पमीच्या अंगावर. आज पमीची अंगठी कोकिळाच्या बोटात. मी काही बोलायची नाही. नुसतं म्हणायची, "हो का, छान आहे," आणि मग बराच वेळ काहीच म्हणायची नाही. पमी विचारायची, "काय झालं गं?" मी म्हणायची, "कुठे काय." एकदा पमीने सहज चेष्टा केली की द्रौपदाला पत्ते पिसता येत नाहीत, सगळे खाली सांडते. मी पत्ते ठेवून आत जाऊन पडले. आधी तिने मला याहून शंभरपट वाईट म्हटलं होतं आणि मी खिदळले होते. पण ते दोघींत होतं. तिसरीच्या पुढ्यात तेच बोलणं वेगळं लागतं, हे ज्याला झोंबलंय त्यालाच कळेल.

आखाजी जवळ आली. पमीचा निरोप आला की यंदा कोकिळाही येतेय, तिला बार बघायचाय. मी तो निरोप ऐकला आणि रात्रभर जळत पडले. सकाळी माझ्या डोक्यात दिवा लागला. पमीच्या घरी तिच्या चार बहिणी पोराबाळांसकट येणार, जागा कुठली? मी पोस्टातून फोन लावला आणि म्हटलं, कोकिळाला माझ्या घरी ठेव, आई एकटीच आहे, ऐसपैस आहे. पमीला गहिवरून आलं. "किती चांगली आहेस गं तू," ती म्हणाली.

मी किती चांगली होते ते माझं मला माहीत. कोकिळा माझ्या घरी उतरली म्हणजे ती बुद्रुकची पाहुणी. बारात ती माझ्या बाजूला उभी राहणार, पमीच्या नव्हे. एवढंच नाही. समोरून खुर्दच्या बाया काय काय बोलतात ते बर्फ घालून बिअर पिणाऱ्या बाईला झेपणार नव्हतं. ती रडेल, कानांवर हात ठेवेल, पमीला म्हणेल की तुमचं गाव किती घाणेरडं. आणि पमी एकदाची बघेल की आपली कोण आणि परकी कोण. मग जूनमधला अर्ज.

कोकिळा आली ती आईसाठी फरसाण आणि माझ्यासाठी लिपस्टिक घेऊन. आईने लगेच तिला पहिला आंबा दिला. झोक्यावर बसवलं. "पोर गुणी शे," असं आईने मला दोनदा सांगितलं, मला ऐकू येत नसल्यासारखं. दुपारी कोकिळाने विचारलं, "द्रौपदा, तिथे नेमकं काय करायचं असतं? मला काही नियम सांग ना."

"नियम कसले आलेत," मी म्हटलं. "नाव घ्यायचं आणि तोंडाला येईल ते बोलायचं."

शिवी खोटी हवी, हे मी तिला सांगितलं नाही. चुकेल तर चुकू दे. चुकावं म्हणूनच नाही सांगितलं.

उन्हं कलल्यावर नदीत उतरलो. गौराया डोहात सोडल्या. आमच्या बाजूला भिकूअक्का पुढे. ती आमच्या बाराची सरदार, तोंडात दात नाही पण आवाज पार स्टँडपर्यंत. समोर खुर्दच्या बाया, त्यांत पमी, कापलेले केस पदराखाली, कमरेला पदर खोचलेला. डबे वाजायला लागले. मी नाव ऐकायला कान टवकारले. वर्षभराचं सगळं त्या एका हाकेने धुऊन निघणार होतं.

पमीने दोन्ही हात तोंडाशी नेले.

"ए धुयानी कोकिये! तुना आवाज आयकीसन आमना कोंबडास्नी बांग देवानं सोडी दिन्हं!"

खुर्दकडून एकच कल्ला. मी कोकिळाकडे बघितलं. हिला आता रडू येणार, अशी मी वाट बघत होते. तिचं तोंड उघडं पडलं होतं. मग तिचा चेहरा असा काही उजळला की मला तो ओळखीचा वाटला. तसा चेहरा एकदा माझा झाला होता, परकरात असताना.

तिने पदर खोचला, चार पावलं पुढे गेली आणि तोडक्यामोडक्या अहिराणीत ओरडली, "ए पमे! तू रातले घोरस ना, तव्हय आख्खं देवपूर जागं ऱ्हास!"

वाळूवर हशाचा लोंढा आला. आमच्या बाया उड्या मारायला लागल्या. समोर पमी हसता हसता खालीच बसली. आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली, कारण पमी खरंच घोरते. ते मला माहीत होतं. इतकी वर्षं ते फक्त मला माहीत होतं. डाव्या कुशीवर वळवलं की थांबते, हेही मला माहीत होतं.

"अक्का!" मी भिकूअक्काचा दंड धरला. "हाई खरं शे! बारमा खरं चालत नही!"

"तुले काय म्हाईत खरं शे का खोटं?" अक्का म्हणाली आणि डबा बडवत राहिली. कोणाला पडली होती? पमी घोरते हे खरं की खोटं, आमच्या बाजूच्या कुठल्या बाईला ठाऊक असणार? नियम मोडला हे कळणारी आमच्या बाजूला मी एकटी होते. आणि तो मोडायला लावला होता तोही मीच.

मग त्या दोघींचं सुरूच झालं. पमी तिला नाकावरून, स्कूटरवरून, कॉलेजच्या पोरांवरून बोलत होती. कोकिळा बाजूच्या बायांना विचारून विचारून उत्तरं देत होती. बाया तिला शब्द पुरवायला चढाओढ करत होत्या. मध्ये मध्ये इतर नावं निघत होती, बेबाबाईचं, वच्छलाबाईचं. माझं निघत नव्हतं. मी थांबले. आता घेईल, आता घेईल. सूर्य टेकायला आला.

शेवटी मीच पुढे झाले. लाज गुंडाळून ठेवली. जळगावच्या रिकाम्या खोलीत पडल्या पडल्या एक शिवी मी महिनाभर घोळवून ठेवली होती, तिच्यासाठी, नवी कोरी.

"ए पमे! तुनी बँकमा चोर उना, तुनं तोंड दखीसन सोताना पैसा जमा करी गया!"

असा हशा त्या दिवशी कोणालाच मिळाला नव्हता. समोरच्या बायासुद्धा पोट धरून हसल्या. भिकूअक्काने माझ्या पाठीवर थाप मारली. मी समोर बघत होते. बोल आता. काढ माझं नाक, काढ माझ्या सात पिढ्या.

पमी उभी राहिली. हसत होती, पण ते हसू मला ठाऊक असलेलं नव्हतं. तिने दोन्ही हात जोडले.

"द्रौपदाताई, तुना पुढे मी हारनू!"

ताई! मी तिच्याहून दोन महिन्यांनी लहान आहे. आमच्या बायांनी आरोळी ठोकली, बुद्रुक जिंकलं, डबे फुटेस्तोवर वाजवले. मला कोणीतरी उचलायला बघत होतं. मी सगळ्यांच्या मध्ये उभी होते आणि मला वाटत होतं की वाळूने मला गिळावं.

बार संपला की ज्यांनी एकमेकींची नावं घेतली त्या मधल्या वाळूत येऊन एकमेकींच्या तोंडात सांजोरी घालतात. पमी आली. आधी कोकिळाच्या तोंडात अख्खी सांजोरी कोंबली, तिचे गाल फुगले, दोघी हसल्या. मग ती माझ्याकडे आली आणि अर्धा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. तोंडात नव्हे, हातात. कोकिळाला तिने पुढे पाठवलं.

"मनं नाव काब्र नही लिन्हं?" मी विचारलं.

"घेतलं की गं," पमी म्हणाली. "हरले म्हटलं ना तुला."

"शिवी काब्र नही दिन्ही?"

तिने नदीपलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुला लागलं असतं."

"माले?"

"हो, तुला. हल्ली तुला सगळंच लागतं, द्रौपदा." ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. आजाऱ्याशी बोलावं तशी ती हळू बोलत होती. "तू शनिवारी येणार असलीस ना, की कोकी आणि मी आधी बसून ठरवतो. काय बोलायचं नाही ते. नाशिकचं नको, साडीचं नको, तुझी चेष्टा नको. तू येऊन गेलीस की मग आम्ही..."

"मग तुम्ही काय?"

"काही नाही. दमायला होतं गं."

मी आजवर समजत होते की कोकिळाने मला बाजूला केलं. वर्षभर तिला शाप देत होते. आणि त्या दोघी दर शनिवारी माझ्यासाठी घर आवरावं तसं तोंड आवरून बसत होत्या. म्हणून तो शुद्ध मराठीचा सोस, म्हणून ती पापडाची बशी. कोकिळाचा मला अजूनच राग आला. तिने माझी दया करावी?

"आते दे," मी पमीचं मनगट धरलं. "दे शिवी. एक दे."

"इथे? बार संपला की."

"दे म्हणस ना! माले काही लागाव नही. दे!"

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. खरंच प्रयत्न केला तिने, त्याबद्दल मी तिला दोष देणार नाही. "ए द्रौपदे," ती म्हणाली, आणि ओठ उघडे ठेवून शब्द शोधत राहिली. पलीकडून तिच्या बहिणी हाका मारत होत्या. तिला काहीच सापडेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं असणार, कारण तिने हळूच मनगट सोडवून घेतलं आणि माझा पदर खांद्यावर नीट केला.

"जपून जा हं," ती म्हणाली. "वाळूत पाय रुततो."

जूनमधल्या अर्जाचं विचारायला मी आले होते. ते मी विचारलं नाही.

"हो, जाईन," मी म्हटलं. "तूही सावकाश जा. आईंना नमस्कार सांग."

असं मी पमीशी याआधी कधी बोलले नव्हते. तिने मान हलवली आणि ती खुर्दकडे चढून गेली. वर काठाशी कोकिळा माझी वाट बघत उभी होती, तोंडाला सांजोरीचं तूप लागलेलं. ती माझी पाहुणी होती, तिला घरी नेऊन जेवू घालायचं होतं. वाटेत तिने विचारलं, "द्रौपदा, माझं काही चुकलं तर नाही ना?" मी म्हटलं, "नाही. छान बोललीस."